गुरूने दिलेल्या पदावर बसून गुरूला नाकारता येते का? ओम शिनरिक्यो, आलेफ आणि फुमिहिरो जोयू

पूर्वप्रवासी (धागाकर्ता)

२००९ साली नोकरीनिमित्त तोक्योला आलो तेव्हा मला जपानी वाचता येत नव्हते, पण घराजवळच्या स्थानकाबाहेर पोलीसचौकीवर लावलेले तीन चेहरे रोज नजरेस पडत. दोन पुरुष, एक स्त्री आणि खाली बक्षिसाची रक्कम. बरेच महिने मी त्यांना दरोडेखोर समजत होतो. कार्यालयातल्या एका वयस्क सहकाऱ्याने एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितले की ही 'ओउमु'ची फरार माणसे आहेत. हा 'ओउमु' म्हणजे आपलाच ओम, हे माझ्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला आणि शिरल्यावर जरा चमत्कारिकच वाटले. २०१२च्या जूनपर्यंत तिघेही पोलिसांच्या ताब्यात आले आणि ती पत्रके उतरली.

सारीन या विषारी वायूचा हल्ला बहुतेकांना ठाऊक असतो. २० मार्च १९९५ रोजी सकाळच्या गर्दीत ओम शिनरिक्यो पंथाच्या पाच साधकांनी तोक्योच्या भुयारी रेल्वेच्या तीन मार्गांवरील पाच गाड्यांत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या ठेवल्या आणि घासून टोकदार केलेल्या छत्रीने त्या फोडल्या. मृतांचा आकडा आज १४ धरला जातो, बाधितांचा ६,०००हून अधिक. त्याआधी जून १९९४ मध्ये मात्सुमोतो शहरात याच वायूने ८ जणांचा बळी घेतला होता. त्याही आधी, नोव्हेंबर १९८९ मध्ये, साधकांच्या पालकांची बाजू लढवणारे वकील त्सुत्सुमी साकामोतो, त्यांची पत्नी आणि तान्हा मुलगा यांची हत्या झाली होती. संस्थापक शोको असाहारा (मूळ नाव चिझुओ मात्सुमोतो) याला १६ मे १९९५ रोजी अटक झाली आणि ६ जुलै २०१८ रोजी फाशी. येथवरची हकिगत कुठेही वाचायला मिळते. मला लिहायचे आहे ते मधल्या काळाविषयी. पंथ बंद पडला नाही. त्याला नवे नाव मिळाले, नवा प्रमुख मिळाला, त्या प्रमुखाने घर आतून झाडायला घेतले, आणि घरच्यांनी त्यालाच कोपऱ्यात बसवल्यावर तो बाहेर पडला.

हा प्रमुख म्हणजे फुमिहिरो जोयू. जन्म १९६२. वासेदा विद्यापीठात अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते १९८७ मध्ये जपानच्या अंतराळ विकास संस्थेत रुजू झाले आणि महिनाभरातच ती नोकरी सोडून संन्यासी झाले. पुढे पंथाची रशियातील शाखा त्यांच्याकडे आली. हल्ला झाला तेव्हा ते तिकडेच होते. हल्ल्यानंतर त्यांना प्रवक्ता म्हणून तोक्योला बोलावण्यात आले आणि १९९५च्या त्या वसंतात जपानमधली कोणतीही दूरचित्रवाणी वाहिनी लावावी तर त्यावर जोयू बोलताना दिसत. जपानीत एक म्हण आहे, 'आ इएबा को यू', म्हणजे समोरच्याने अमुक म्हटले की हा लगेच तमुक म्हणणार. लोकांनी तिच्या शेवटच्या 'को यू'च्या जागी 'जोयू' बसवला आणि 'आ इएबा जोयू' ही कोटी घरोघरी झाली. देखण्या चेहऱ्यामुळे त्यांच्याभोवती तरुण मुलींचा घोळकाही जमे, हे आज वाचताना अंगावर काटा येतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना अटक झाली. कुमामोतो प्रांतातील नामिनो गावच्या जमीन प्रकरणात खोटी साक्ष आणि बनावट कागद, असा तो गुन्हा होता. शिक्षा तीन वर्षांची झाली आणि २९ डिसेंबर १९९९ रोजी ते सुटले.

ते तुरुंगात असताना गादीचे काय झाले, हे पाहिल्याशिवाय पुढचे समजत नाही. जून १९९६ मध्ये असाहाराने कोठडीतूनच प्रमुखपद सोडले आणि आपल्या दोन मुलांना वारस म्हणून पुढे केले. मोठा तीन वर्षांचा, धाकटा त्याहून लहान. प्रत्यक्ष कारभार तात्सुको मुराओका आणि वडीलधाऱ्यांच्या मंडळाकडे राहिला. गादी रक्ताने चालायची की साधनेच्या अधिकाराने, हा वाद आपल्या मठांना आणि संस्थानांना नवा नाही. ओममध्ये तो अशा प्रकारे, तीन वर्षांच्या पोराच्या नावाने, सुरू झाला.

साधनेच्या अधिकाराची उतरंड असाहाराने स्वतःच रचली होती. सर्वांत वरच्या श्रेणीला 'सेइताइशी' म्हणत आणि तिथे पोहोचलेली माणसे एका हाताच्या बोटांवर मोजता येत. त्यांपैकी हिदेओ मुराई यांना २३ एप्रिल १९९५ रोजी पंथाच्या तोक्योतील कार्यालयासमोर, कॅमेरे चालू असताना, एका माणसाने भोसकून ठार मारले. उरलेल्यांत असाहाराची पत्नी होती, एक मुलगी होती आणि जोयू होते. म्हणजे सुटून आलेल्या जोयूंच्या शब्दाला पंथात वजन होते ते त्यांच्या हुशारीमुळे नव्हे. असाहाराने त्यांना त्या पायरीवर बसवून 'मैत्रेय' हे साधनानाम दिले होते म्हणून.

जानेवारी २००० मध्ये पंथाने आलेफ हे नाव घेण्याचे जाहीर केले, गुन्ह्यांत असाहाराचा हात असल्याचे मान्य केले आणि पीडितांना भरपाई देण्याचे वचन दिले. मात्र त्याच निवेदनात ध्यानमार्गातले असामान्य प्रतिभावंत म्हणून असाहाराचा मान राखलेला होता. २००२ मध्ये जोयू प्रमुख झाले. पुढच्या वर्षी त्यांनी असाहाराच्या प्रतिमा आणि त्याच्याभोवतीची भक्ती बाजूला सारायला सुरुवात केली. कुटुंबाकडून आणि जुन्या साधकांकडून विरोध सुरू झाला, आणि २००३ सालीच त्यांना दीर्घ साधनेच्या नावाखाली कारभारातून दूर करण्यात आले. साधना करायला पाठवणे ही शिक्षा होऊ शकते, हे मला या प्रकरणात प्रथम कळले. २००४च्या अखेरीस ते परतले तेव्हा पंथ उघडच दोन तटांत वाटला गेला होता. पुढे पैसे वेगळे झाले, राहण्याच्या जागा वेगळ्या झाल्या. मार्च २००७ मध्ये जोयू काही डझन साधकांसह बाहेर पडले आणि मे महिन्यात त्यांनी 'हिकारी नो वा', म्हणजे प्रकाशाचे वर्तुळ, ही संस्था काढली.

माझे म्हणणे एवढेच आहे की आलेफच्या आत राहून जोयूंना यश येणे शक्यच नव्हते. 'गुरू चुकला' असे सांगण्याचा अधिकार त्यांना गुरूने दिलेल्या पायरीमुळे होता. गुरू खोटा ठरला तर पायरीही खोटी ठरते आणि पायरी गेली की त्यांचे का ऐकायचे, हा प्रश्न शेवटच्या रांगेतला साधकही विचारू शकतो. विरोधकांना हे नेमके कळले होते. त्यांनी तात्त्विक वाद घातलाच नाही. मैत्रेय गुरूला सोडून चालला, एवढेच ते म्हणत राहिले. आपल्या सदस्यांचे यावर काय मत आहे, हे वाचायला आवडेल.

शंकासुर

धागा माहितीपूर्ण आहे, पण दोन गोष्टी मला खटकल्या. पहिली म्हणजे असाहाराला आपण एकेरी लिहिता आणि जोयूंना आदरार्थी. जो माणूस महिनोन्‌महिने पडद्यावर येऊन 'आमचा या हल्ल्याशी संबंध नाही' असे सांगत होता, त्याला हा मान कशासाठी?

दुसरी अधिक महत्त्वाची. आपण सुधारणेचा प्रयत्न प्रामाणिक होता असे धरून चालला आहात. जपानच्या सार्वजनिक सुरक्षा तपास विभागाचे म्हणणे वेगळे आहे. त्यांच्या मते हे 'असाहारा-काकुशी', म्हणजे असाहाराला केवळ पडद्याआड ठेवणे आहे: बाहेर समाजाला दाखवायला फोटो उतरवायचे, आत शिकवण तीच. हा संशय काही हवेतून आलेला नाही. जुलै २०१८ मध्ये, फाशी झाल्यानंतर काही दिवसांतच, एका साप्ताहिकाने छापले की १९९१ मध्ये असाहाराच्या सांगण्यावरून एका साधिकेचा खून झाला तेव्हा जोयू तिथे हजर होते. त्यानंतर जोयूंनी आपण हजर असल्याचे मान्य केले आणि इतकी वर्षे गप्प राहिलो ते जिवाच्या भीतीने, असे सांगितले. सत्तावीस वर्षे! त्यांपैकी अकरा वर्षे ते ओमच्या चुकांचा जाहीर हिशेब मांडणाऱ्या संस्थेचे प्रमुख होते. ज्याच्या हिशेबाच्या वहीतले एक पान फाडलेले आहे, त्याला सुधारक म्हणायचे का?

पूर्वप्रवासी

शंकासुर, आदरार्थी लिहिण्यामागे मान नाही, हयात माणसाविषयी लिहिण्याची सवय आहे. तरीही आपला आक्षेप मी नोंदवून ठेवतो.

फाडलेल्या पानाचा मुद्दा मी मूळ लेखात घ्यायला हवा होता. तो टाळला असे वाटले असल्यास चूक माझी. त्या कबुलीने हिकारी नो वाच्या साऱ्या आत्मपरीक्षणावर डाग पडला, हे मला मान्य आहे. मात्र जोयू प्रामाणिक होते असे मी कुठेही म्हटलेले नाही. समजा ते शंभर टक्के प्रामाणिक असते, तरी २००३ मध्ये आलेफच्या आत ते हरलेच असते, असे माझे म्हणणे आहे. आणि 'केवळ पडदा' म्हणावे तर घरातल्यांनी त्यांना त्यासाठी कोपऱ्यात का बसवले असते? नुसता मुखवटा असता तर भक्तांना तो सोयीचाच होता.

वकीलवाडा

शंकासुर यांनी तपास विभागाचा उल्लेख केला आहे म्हणून कायद्याची बाजू थोडी विस्ताराने मांडते, कारण या प्रकरणातील 'सुधारणा' हा शब्द पंथाच्या सभांमध्ये जितका झिजला, तितकाच तो न्यायालयांतही झिजला.

ओम शिनरिक्योला धार्मिक संस्था म्हणून नोंदणी ऑगस्ट १९८९ मध्ये मिळाली होती. वकील साकामोतो यांची हत्या त्यानंतर तीनच महिन्यांनी झाली. हल्ल्यानंतर ऑक्टोबर १९९५ मध्ये तोक्योच्या जिल्हा न्यायालयाने ही नोंदणी रद्द करून संस्था विसर्जित करण्याचा आदेश दिला आणि जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. याचा अर्थ बंदी असा अनेकजण लावतात, तो बरोबर नाही. संस्थेचे कायदेशीर व्यक्तित्व आणि करसवलत गेली, परंतु माणसांनी एकत्र येऊन तीच उपासना करण्यावर कोणतीही बंदी आली नाही. न्यायालयाने हा फरक मुद्दाम अधोरेखित केला होता. खरी बंदी घालायची तर विध्वंसक कारवाया प्रतिबंधक कायदा लावावा लागला असता. तसा प्रस्ताव आलाही, पण जानेवारी १९९७ मध्ये सार्वजनिक सुरक्षा परीक्षण आयोगाने तो फेटाळला. पुढेही हा गट असे कृत्य करील याचा पुरेसा आधार नाही, असे आयोगाचे मत पडले.

मग डिसेंबर १९९९ मध्ये, म्हणजे जोयू सुटण्याच्या त्याच महिन्यात, नवा कायदा आला. अंदाधुंद सामूहिक हत्या केलेल्या संघटनांच्या नियमनाचा तो कायदा. त्यात ओमचे नाव कुठेही नाही, पण तो कोणासाठी शिवला आहे हे मापावरून कळते. या कायद्याखाली दर तीन महिन्यांनी सदस्यांची नावे, पत्ते, मालमत्ता आणि उपक्रम यांचा अहवाल द्यावा लागतो, आणि तपास विभागाला मठांत जाऊन पाहणी करता येते. हा आदेश तीन वर्षांचा असतो. तो २००० पासून दर वेळी वाढवला गेला आहे, अगदी अलीकडे जानेवारी २०२४ मध्ये.

आता या धाग्याशी थेट संबंधित भाग. हिकारी नो वाचे म्हणणे असे की आम्ही आलेफपासून वेगळे झालो, असाहाराला नाकारले, बाहेरच्या लोकांची देखरेख समिती नेमली, तेव्हा आम्हांला त्या आदेशातून वगळा. सप्टेंबर २०१७ मध्ये तोक्यो जिल्हा न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले आणि त्यांच्यापुरता तो आदेश रद्द केला. फेब्रुवारी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला आणि देखरेख कायम राहिली. माझ्या मते इथे एक मोठी अडचण आहे. कृत्य सिद्ध करता येते, मालमत्ता मोजता येते, पण 'आमची श्रद्धा संपली' हे कोणत्या पुराव्याने सिद्ध करायचे? आपल्याकडच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा पेच टाळला. त्याने अनुसूचीत कृत्ये लिहिली आणि श्रद्धेला हात लावला नाही. जपानी कायदा संघटनेकडे बघतो, म्हणून त्याला संघटनेच्या मनात शिरावे लागते.

मेघदूती

एक भाबडा प्रश्न विचारते. मैत्रेय, ओम ही नावे जपानी पंथात आली कुठून? आणि पंथाच्या इमारतींना 'सातियान' म्हणत, तो शब्द संस्कृत आहे का?

पूर्वप्रवासी

मेघदूती, प्रश्न भाबडा नाही. 'सातियान' म्हणजे आपले सत्यम्. फुजी पर्वताच्या पायथ्याशी कामिकुइशिकी गावात पंथाच्या इमारती होत्या, त्यांना क्रमांक दिलेले होते. सारीन ज्या इमारतीत बनवत होते ती सातवे सत्यम्, आणि असाहाराला पोलिसांनी पकडले ते सहाव्या सत्यममध्ये.

असाहाराने १९८४ मध्ये तोक्योच्या शिबुया भागात योगवर्ग म्हणून सुरुवात केली. त्याला दृष्टी फार कमी होती आणि त्याचे शिक्षण अंधशाळेत झाले होते. १९८६ मध्ये हिमालयात आपल्याला अंतिम ज्ञान झाले, असा त्याचा दावा होता. पुढच्या वर्षी तो धर्मशाळेला जाऊन दलाई लामांना भेटला आणि त्या भेटीची छायाचित्रे वर्षानुवर्षे मिरवली. पंथाचे आराध्य दैवत शिव होते. संन्यास घेणाऱ्यांना संस्कृत, पाली किंवा तिबेटी परंपरेतील नावे मिळत. मुराईंचे नाव मंजुश्री मित्र होते, हल्ल्याचा समन्वय करणाऱ्या योशिहिरो इनोउए याचे आनंद, एका गाडीत पिशवी फोडणारे हृदयशल्यचिकित्सक इकुओ हायाशी यांचे कृष्णानंद. ही यादी प्रथम वाचली त्या दिवशी मी जेवलो नाही.

सर्वांत वाईट वापर 'पोवा' या तिबेटी शब्दाचा झाला. मूळ अर्थ मृत्यूच्या वेळी चित्त उच्च लोकी नेण्याची साधना. ओममध्ये तो 'ठार मारणे' यासाठीचा सोवळा शब्द झाला. मारणारा मेलेल्यावर उपकारच करतो, अशी त्यामागची शिकवण होती. या शिकवणीचा उगम गुरूच्या अचूकपणात आहे. गुरूला सगळे दिसते, म्हणून त्याला कोणाचा मृत्यू केव्हा हितकर हेही दिसते. तेव्हा गुरूचा फोटो भिंतीवर ठेवून फक्त ही एक शिकवण गाळता येत नाही. जानेवारी २०००च्या निवेदनाने नेमके तेच करायचा प्रयत्न केला, म्हणून ते निवेदन मला पोकळ वाटते.

सेतागायाची सून

मी गेली चौदा वर्षे तोक्योच्या सेतागाया विभागात राहते. कारासुयामा स्थानकापासून आमचे घर सायकलने पाच मिनिटांवर आहे. हिकारी नो वाचे मुख्य कार्यालय याच मिनामी-कारासुयामात, एका साध्या निवासी इमारतीत आहे. आलेफ इथे २००० सालच्या अखेरीस आले, आणि फाटाफुटीनंतर हा पत्ता जोयूंच्या गटाकडे राहिला. त्यामुळे आपण ज्याला सुधारणा म्हणता, ती आमच्या गल्लीत कशी दिसते तेवढेच सांगते.

ती दिसत नाही. दिसतो तो रहिवाशांचा फलक: ओमने येथून निघून जावे, पंथ विसर्जित करावा. फलक उन्हाने फिका पडला की नवा लागतो, मजकूर तोच. दरवर्षी रहिवासी समितीचा मोर्चा निघतो. माझ्या सासूबाईंच्या वयाच्या बायका टोप्या घालून, पाण्याची बाटली घेऊन, अगदी शिस्तीत पदपथावरून चालतात, आणि पुढे पोलीस असतात. एकदा शेजारच्या आजींना मी विचारले की हे लोक तर आता असाहाराला मानत नाहीत म्हणतात, मग आपला आक्षेप काय? त्या म्हणाल्या, "मागेही ते असेच नम्रपणे बोलायचे." मी पुढे काही विचारले नाही.

मात्र दुसरी बाजूही नोंदवायला हवी. त्या काळात अनेक ठिकाणच्या प्रशासनांनी या साधकांची रहिवासी नोंदणीच नाकारली होती. इथे राहणाऱ्यांना कळेल की ही नोंदणी नसेल तर आरोग्य विमा नाही, मुलांना शाळेत घालण्यापासून प्रत्येक गोष्टीत अडचण. जून २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागोयाच्या प्रकरणात अशी नकारघंटा बेकायदा ठरवली. जोयू आलेफच्या आत हरले तेही वर्ष २००३. बाहेर सगळे हाकलून देत असतील, तर साधक सुधारकाकडे वळण्याऐवजी आतल्या आत आणखी घट्ट बिलगून बसतात, असे मला वाटते. आजींना मात्र हे सांगायचे धाडस माझ्यात नाही.

शंकासुर

आपल्या प्रतिसादातले शेवटचे वाक्य फार आवडले. पण 'बाहेरच्यांनी हाकलले म्हणून आतले बिलगले' या तर्काने पीडितांच्याच माथी दोष जातो. याला उत्तर म्हणून पैशाचे बघा. श्रद्धा मोजता येत नाही, असे वकीलवाडा म्हणाल्या. भरपाई तर मोजता येते?

वकीलवाडा

मोजता येते आणि मोजली गेली आहे. ओम मार्च १९९६ मध्ये दिवाळखोर घोषित झाला, आणि पीडितांचे जे देणे दिवाळखोरीतून फिटले नाही ते पुढे पीडितांच्या मदत संस्थेकडे सुपूर्द झाले. हिकारी नो वाने या संस्थेशी भरपाईचा करार केला. आलेफ मात्र रकमेवर वाद घालत राहिले आणि प्रकरण न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात अंतिम निकाल लागला: आलेफने सुमारे १०२ कोटी ५० लाख येन द्यावेत. त्यानंतर आलेफने आपली मालमत्ता अहवालांत नीट दाखवली नाही, म्हणून मार्च २०२३ मध्ये आयोगाने त्यांच्यावर कडक आदेश काढला. सहा महिने ठरावीक वास्तू वापरायच्या नाहीत, देणग्या घ्यायच्या नाहीत. पुढे त्याची मुदतही वाढवण्यात आली.

तेव्हा दोन गटांत फरक शोधायचाच असेल, तर मी तो तत्त्वज्ञानापेक्षा या कागदांत शोधीन. एकाने करारावर सही केली, दुसऱ्याला न्यायालयाने ओढत आणावे लागले.

पूर्वप्रवासी

हा निकष मला पटला, आणि माझ्या मूळ मांडणीत त्याने एक भर पडते. जोयू आत असताना जे करू शकले नाहीत, ते बाहेर पडून, अत्यंत छोट्या गटापुरते, करू शकले. हिकारी नो वाची सदस्यसंख्या शे-दीडशेच्या आसपासच राहिली, आणि आलेफ मात्र हजाराच्या वर. आता हिकारी नो वात गुरू नाही, ते स्वतःला धर्म म्हणवून घेत नाहीत, मंदिरांच्या आणि निसर्गस्थळांच्या सहली काढतात, आत्मपरीक्षणाचे वर्ग घेतात. असाहाराचा वारसा सांगणारे बहुसंख्य आलेफमध्येच राहिले, शिवाय २०१५च्या सुमारास आलेफमधूनही आणखी एक लहान गट फुटून निघाला.

गादीचा प्रश्न तर फाशीनंतरही मिटला नाही. उरली ती असाहाराची अस्थी आणि केस, आणि त्यांवर त्याच्याच घरात वाद झाला. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अस्थी त्याच्या क्रमांक दोनच्या मुलीकडे जाव्यात असे ठरवले, पण त्यांची पूजा सुरू होईल या भीतीने सरकारने त्या सोडल्या नाहीत. मुलीने पुन्हा दावा लावला आणि मार्च २०२४ मध्ये तोक्यो जिल्हा न्यायालयाने सरकारला त्या देण्यास सांगितले. सरकार त्यावरही अपिलात गेले.

मेघदूती

म्हणजे हे सगळे चालले असताना जोयू त्या अस्थींविषयी काही बोलले का?

पूर्वप्रवासी

६ जुलै २०१८ला फाशीची बातमी आली त्या दिवशी त्यांनी पत्रकार परिषद घेतली होती. तिथे त्यांनी पीडितांची क्षमा मागितली आणि असाहाराविषयी आता आपल्या मनात काही उरलेले नाही, अशा अर्थाचे सांगितले. १९९१च्या प्रसंगाबद्दलचे साप्ताहिक बाजारात आले ते त्यानंतरच्याच आठवड्यात.